तीन ठोके

हॉटेलवाल्याला वाटतं, तेल मोरीत ओतलं की संपलं. संपतंय कसलं? ते पाइपात गोठतं आणि मग अख्खी गल्ली नाक धरून फिरते. म्हणून आम्ही ग्रीस ट्रॅप बसवतो. बेसिनचं पाणी आधी या स्टीलच्या पेटीत उतरतं, चरबी वर तरंगते आणि खालचं पाणी तेवढं गटारात जातं.

आम्ही म्हणजे मी आणि दादा. तो वर नळापाशी, मी खाली पेटीपाशी. ओरडून घसा कशाला बसवायचा? मी पान्याने पाइपवर ठोकायचो. एक ठोका, पाणी सोड. दोन, बंद कर. तीन, झालं, ये खाली, घरी जाऊ.

दादा उन्हाळ्यात झोपेतच गेला. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. वहिनी म्हणतात, "भाऊजी, एकदा रडून घ्या." मी हो म्हणतो आणि कामाला जातो.

त्या दिवशी एका नव्या हॉटेलात एकटाच होतो. तळघरात पेटी बसवली, पाइप जोडला आणि सवयीने एक ठोका दिला.

पाणी आलं.

कोमट होतं. पेटी भरल्यावर मी दोनदा ठोकलं. बंद झालं. वर जाऊन पाहिलं, तर बेसिन अजून खोक्यातच, नळाचा पत्ता नाही, फरशी कोरडी ठणठणीत.

घाबरायला हवं होतं. मी डबा खाल्ला.

मग घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

तळघरात त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं. काही नाही. "अहो, मी आलेय," त्या पाइपला तोंड लावून म्हणाल्या. काही नाही. मग मी ठोकलं आणि पाणी आलं.

वहिनी त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे हे अजून कामावरच आहेत," त्या म्हणाल्या. "सोडा त्यांना, भाऊजी. मला घरी न्यायचंय."

"वहिनी, नको."

"तीनच ना?"

मी पाणी थांबवलं. मग तीनदा ठोकलं.

काहीच झालं नाही. जरा वेळ थांबलो आणि जिन्याने वर निघालो. वहिनी पुढे होत्या. वळणावर त्या भिंतीला सरकल्या, वरून येणाऱ्याला वाट द्यावी तशा.

मीही सरकलो. दादाचे गुडघे दुखायचे, म्हणून जिन्यावर त्याची हत्यारांची पिशवी मीच घ्यायचो. हात आपसूक पुढे गेला.

हाताला वजन लागलं.