हौसाचं फूल

क्रोशाच्या दोऱ्याचं रीळ आणायला नवऱ्याला, कमळाकरला, धाडायचं वेणूच्या अगदी जिवावर यायचं. पनवेलच्या कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून पोट भरणारा हा गृहस्थ, पण बाजारातून दोनदा चुकीचं रीळ घेऊन आला. तिसऱ्यांदा बरोबर आणलं आणि स्वारी उंबरठ्यावर अशी ऐटीत उभी राहिली, की पंधरा दिवसांच्या त्या बाळंतिणीला हसू आवरेना.

रीळ हवं होतं कुंचीसाठी. ही गोष्ट अठ्ठावन्न सालची, पण कुंची कितीतरी जुनी. तांबड्या खणाची, कडेला पांढरी क्रोशाची लेस. घरात मूल जन्मलं की लेशीत त्याच्या नावाचं एक फूल वाढवायचं, आणि सव्वा महिन्याने ती कुंची घालून मूल देवळात न्यायचं. गेली पन्नास वर्षं ही फुलं कमळाकरच्या आत्याने, भामाआत्याने, विणली होती. बाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. स्वतःचं मूल नाही, पण घरातलं प्रत्येक मूल तिच्या मांडीवर वाढलं. कमळाकरच्या फुलाची एक पाकळी वाकडी होती. "हा तेव्हापासूनच वाकडा," असं ती येईल त्याला दाखवायची.

एक नेम मात्र कडक होता. मूल गेलं, तर त्याचं फूल उसवायचं आणि त्याच दोऱ्याने पुढच्या मुलाचं विणायचं. तो दोरा रिकामा ठेवायचा नाही.

गेल्या दिवाळीत आत्याबाई गेल्या. जाण्याआधी कुंचीची पेटी त्यांनी वेणूच्या हातात दिली.

"हौसाचं फूल तसंच आहे गं. माझा हात धजला नाही. आता तुझं तू बघ."

हौसा वेणूची पहिली. दहा महिन्यांची असताना गोवराने गेली. असती तर या चैत्रात तीन वर्षांची झाली असती. वेणूने पेटी घेतली आणि मनाशी ठरवूनच टाकलं, की लेशीतलं ते शेवटचं फूल उसवायचं नाही. पोरीचं दुसरं काय उरलं होतं? म्हणून तर धाकट्या आनंदासाठी नवं रीळ.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या ठमाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"नवा दोरा कशाला? पोरीचा हाय ना तुमच्याकडं?"

"तो मी उसवणार नाही, ठमाबाई."

"मंग ती जाईल कशी?" आनंदाच्या पाठीवर तेल चोळता चोळता ठमाबाई म्हणाली. "हितंच रानार. एकलीला करमत नाय, भावाला बोलवल खेलायला."

वेणूला राग आला. पण तिसऱ्या आठवड्यात आनंदाने पिणं सोडलं. छातीशी घेतला की मान फिरवायचा आणि माजघराच्या कोपऱ्याकडे बघत राहायचा. तिथे पेटी होती. डॉक्टरांनी पुड्या दिल्या, कमळाकरने दृष्ट काढवली, दोन्हींचा उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी तर पोर रडेनासंही झालं. कमळाकर कचेरीत गेला तोच मुळी डोळे पुसत.

भर दुपार होती. तळ्यावरचं धुणंही थांबलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. वेणू पाळण्याची दोरी धरून बसली होती, आणि तिला मशेरीचा वास आला. घरात मशेरी फक्त आत्याबाई लावायच्या.

मग माजघरातून हळू पुटपुटणं ऐकू आलं. विणताना आत्याबाई टाके असेच मोजायच्या.

"दोन साखळ्या... मुका खांब... दोन साखळ्या..."

वेणूच्या अंगावर सरसरून काटा आला. तरीही ती उठली, कारण पाळण्यातलं पोर त्या आवाजाच्या दिशेने हसत होतं. तिने कोपऱ्यातली पेटी उघडली, कुंची मांडीवर घेतली आणि हौसाच्या फुलाचं टोक शोधून दोरा ओढला.

पुटपुटणं थांबलं. मग उलटं सुरू झालं.

"सात... सहा..."

एकेक पाकळी सुटत होती तसा आकडा उतरत होता. वेणूला दिसेना, डोळे भरून आले होते. तिने घाईने हिसका दिला.

"हळू..." अगदी कानाशी आवाज आला. "हळू गं... दुखेल तिला."

वेणू हमसून हमसून रडली. भीती कुठल्या कुठे गेली; लेकीचे केस विंचरावेत तशी तिने उरलेली फुलाची वीण सोडवली. शेवटचा टाका सुटला आणि पाळण्यातल्या आनंदाने भुकेचा टाहो फोडला. त्या दुपारी तो पोटभर प्यायला.

त्याचं फूल मात्र तिने नव्या रिळानेच विणलं. हौसाचा दोरा दुसऱ्या कुणाला, सख्ख्या भावालाही, द्यायचं तिला जमलं नाही. तिने त्याची सुपारीएवढी गुंडी केली आणि पेटीत तळाशी ठेवली. ठमाबाईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

सव्वा महिना झाला. सकाळी दारात टांगा उभा, कमळाकर कुंची घातलेल्या आनंदाला घेऊन मिरवतोय. वेणूने दुपटं काढायला पेटी उघडली.

दोरा नव्हता. त्याच्या जागी घडी केलेला एक फ्रॉक होता, मऊ पांढऱ्या कापडाचा. शिवणीतला आत्याबाईंचा तो बारीक धावदोरा वेणूने डोळे मिटूनही ओळखला असता. गळ्याला क्रोशाचं एक फूल होतं, सात पाकळ्यांचं.

"एवढा मोठा कशाला शिवलास?" कमळाकर मागून डोकावत म्हणाला. "आपला बाळ केवढा, हा तीन वर्षांच्या पोरीला होईल."

"होईल..." वेणू म्हणाली. "तिलाच होईल."

तिने फ्रॉक उलगडला. नवा नव्हता तो. खेळून खेळून घेर चुरगळला होता, आणि गळ्यातल्या फुलाला वरणभाताचं एक शीत चिकटलं होतं. वेणूने ते नखाने अलगद काढलं.

शीत अजून मऊ होतं.