काकाची लाल दोरी

त्या रविवारी सकाळी आम्ही निघालो ते फक्त पोस्टमन आजोबांना घेऊन यायला.

आमचं दुकान तलावाच्या काठावर आहे. पुढच्या खोलीत गळ, रिळं, काठ्या आणि बरण्यांमध्ये रंगीत रबरी किडे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मागच्या दारातून उतरलं की लाकडी धक्का लागतो आणि धक्क्याला आमच्या भाड्याच्या बोटी बांधलेल्या असतात. इथे लोक बास मासा पकडायला येतात. बासला लपायला आडोसा लागतो, आणि आमच्या तलावात आडोसा भरपूर. धरण बांधलं तेव्हा एक अख्खी राई पाण्याखाली गेली. तिचे काळे शेंडे अजून पाण्याबाहेर डोकावतात. त्या भागाला सगळे ‘झाडं’ एवढंच म्हणतात.

पोस्टमन आजोबा दर रविवारी उजाडताच आमची बॅटरीवर चालणारी छोटी बोट घेऊन जातात. नोकरी संपली, पण लवकर उठायची सवय गेली नाही, असं ते म्हणतात. त्या दिवशी ते गेले तेव्हा हवा स्वच्छ होती. मग धुकं उतरलं आणि दुकानातला फोन वाजला.

“बॅटरी गेली रे,” आजोबा सांगत होते. फोनचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होतं. “झाडांत आहे. एका खोडाला बोट बांधून बसलोय. घाई नाही, पण चहा आणलास तर बरं होईल.”

बाबांनी मला हाक मारली. धुक्यात बोट न्यायची तर पुढे एक माणूस बसवायचा, हा आमच्याकडचा नियम. त्याने थोड्या थोड्या वेळाने शिट्टी वाजवायची आणि मग कान देऊन ऐकायचं. ते काम माझं. मी फारशी बोलत नाही, म्हणून मला जास्त ऐकू येतं असं बाबांचं मत आहे. काका तर मला ‘मुकी’च म्हणायचा.

आईने दारातच माझं लाइफ जॅकेट घट्ट केलं. सगळे पट्टे ओढून पाहिले, छातीवरची कडी ओढून पाहिली. मग बाबांचं पाहिलं.

“लाल दोरी?” तिने विचारलं.

“आहे गं.”

“आहे ते मलाही दिसतंय. लावणार कुठे?”

बाबा हसले आणि धक्क्यावर उतरले. आई हसली नाही.

ही लाल दोरी समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून सांगते. बोटीच्या इंजिनाला एक बटण असतं आणि त्यावर एक छोटी टोपी बसते. टोपीला लाल, पिळाची दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आकडा. तो आकडा चालवणाऱ्याने आपल्या जॅकेटच्या कडीत अडकवायचा. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, टोपी निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. टोपी बसवल्याशिवाय इंजिन सुरूही होत नाही.

पण दोरी आखूड असते. उभं राहून गळ टाकायला गेलं की ताणली जाते आणि इंजिन बंद. म्हणून आमच्या तलावावरचे सगळे जुने मासेमार आकडा स्वतःला न लावता बाकाच्या हँडलला लावून टाकतात. बाबाही तेच करायचे आणि काकाही.

काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. झाडांजवळ त्याची बोट गोल गोल फिरताना काठावरच्या लोकांना दिसली. आधी सगळे हसले. काका होताच तसा, लोकांना हसवणारा. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बोटीत कोणी नाही. जॅकेट बाकावर घडी घालून ठेवलं होतं. लाकूड टोचतं म्हणून तो त्यावर बसायचा. फिरती बोट पकडायला जाणं म्हणजे पंख्यात हात घालणं. पेट्रोल संपेपर्यंत सगळे पाहत राहिले. काका त्या गोलाच्या मधोमध, खाली सापडला.

एकच गोष्ट कोणाला कळली नाही. बोट काठाला आणली तेव्हा इंजिनावर टोपी नव्हती, हँडलला आकडा नव्हता. लाल दोरी कुठेच नव्हती.

“मग एवढा वेळ ते चाललं कशावर?” इंजिनं दुरुस्त करणारे मिस्तरी परत परत विचारत होते. बाबांनी ती बोट कुऱ्हाडीने फोडली. इंजिन मिस्तरींच्या शेडमध्ये पोत्याखाली पडून आहे.

तर आम्ही निघालो. बाबांनी टोपी बसवली, आकडा हँडलला लावला आणि स्टार्टर ओढून इंजिन सुरू केलं. मी चहाचा थर्मास पायांत धरून पुढे बसले. थोड्याच वेळात धक्का दिसेनासा झाला, मग मागे बसलेले बाबाही धूसर झाले. धुकं ओलं होतं. पापण्यांवर पाणी साठत होतं. मी शिट्टी वाजवायचे, बाबा इंजिन हळू करायचे आणि आम्ही ऐकायचो.

पहिल्यांदा काहीच नाही. मग पुढच्या बाजूने बारीक शिट्टी आली. पोस्टमन आजोबा.

“सापडले,” बाबा म्हणाले. “अजून डावीकडे.”

पुन्हा शिट्टी. पुन्हा उत्तर. आणि त्या उत्तराच्या मागे, खूप हळू, दुसरं काहीतरी. घुर्रर्र... लांब जाणारं. मग जवळ येणारं. मग परत लांब.

मी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांचं डोकं तिरकं झालं होतं. त्यांनाही ऐकू येत होतं.

“कोण आलंय एवढ्या धुक्यात?” ते पुटपुटले.

इंजिनाचे आवाज मला ओळखू येतात, दिवसभर तेच ऐकते. या इंजिनाला मध्येच एक उचकी लागत होती. दोन वर्षं मी ती उचकी ऐकली नव्हती.

मग वास आला. पेट्रोलचा, आणि त्यात मिसळलेला बडीशेपेचा. रबरी किड्यांना बडीशेपेचा अर्क लावला की बास सोडत नाही, असं काका म्हणायचा. त्याच्या हातांना, शर्टाला, तो जिथे बसेल त्या खुर्चीला तोच वास असायचा. उघड्या पाण्यावर, वारा नसताना, तो वास माझ्या तोंडाजवळ आला आणि तिथेच थांबला.

आमच्या दोन्ही बाजूंना काळे शेंडे दिसू लागले. आम्ही झाडांत शिरलो होतो. बाबा पुढचं पाहायला उभे राहिले. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, मान उंच. लाल दोरी त्यांच्या पायाशी, हँडलला लटकत होती.

तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. मला एवढंच दिसलं की बाबा अगदी काका उभा राहायचा तसेच उभे आहेत. मी रांगत मागे गेले. हँडलचा आकडा काढला आणि त्यांच्या जॅकेटच्या कडीत घातला.

“अगं, काय करतेस? उभं राहता येत नाही मला त्याने.”

“मग बसा,” मी म्हणाले.

मी बाबांना उलट बोलण्याची ती पहिलीच वेळ. ते माझ्याकडे पाहतच राहिले. तो आवाज परत जवळ येत होता. ते बसायला वाकले, आणि तेवढ्यात बोटीचा तळ पाण्याखालच्या खोडावर आपटला.

मी बाकावर पडले. डोकं वर केलं तेव्हा बाबा नव्हते. इंजिन बंद पडलं होतं. टोपी निघाली होती.

“बाबा!”

“इथे... इथे आहे.” ते मागच्या बाजूला पाण्यात होते, इंजिनाच्या पात्यापासून हातभर अंतरावर. पातं थांबलेलं होतं.

“हात दे. घाबरू नको. बाजूने ये, बाजूने... बोट उलटेल नाहीतर.”

मी पोटावर आडवी झाले आणि त्यांच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरले. आता आमचं इंजिन बंद होतं, त्यामुळे ते दुसरं स्वच्छ ऐकू येत होतं. घुर्रर्र, उचकी, घुर्रर्र. ते आमच्याभोवती फिरत होतं. दर फेरीला गोल लहान होत होता. पहिली लाट आली आणि बोट हलली. बाबांच्या तोंडात पाणी गेलं.

“ओढ...” ते खोकत म्हणाले. “लवकर ओढ...”

धुक्यातून एक बोट आली. नीट म्हणजे अगदी नीट दिसली मला. पांढरी, बाजूला निळा पट्टा, पुढे पोचा आलेला. बाकावर घडी केलेलं जॅकेट. त्या घडीत खळगा पडला होता, कोणी वर बसल्यावर पडतो तसा. वर कोणी नव्हतं. ती आमच्या शेजारून गेली, धुक्यात शिरली आणि मला तिचं वळणं ऐकू आलं.

बाबांनी ती पाहिली नव्हती, त्यांची तिच्याकडे पाठ होती. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“ती... निळा पट्टा आहे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

आवाज परत मोठा झाला. या वेळी तो सरळ आमच्यावर येत होता, बाबांचं डोकं होतं तिथेच. मी पाय बाकाला टेकवले, डोळे मिटले आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. बाबांनी खालून पाय मारले. ते माझ्या अंगावर येऊन पडले, ओले, जड. त्याच क्षणी माझ्या छातीला एक जोराचा हिसका बसला. बाबा ज्या बाजूने आले त्या बाजूने नव्हे, मागून, धुक्याकडून. कोणीतरी कडीला धरून ओढल्यासारखा.

टक्.

आणि ते इंजिन थांबलं.

फक्त लाट आली, बोटीला झोका देऊन गेली. आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. बाबांच्या छातीतले ठोके मला माझ्या कानात ऐकू येत होते. कुठेतरी पोस्टमन आजोबा शिट्टी वाजवत होते. ती वाजायची थांबली की पाणी एवढं शांत व्हायचं की थर्मास गडगडत कुठे गेला तेही कळत होतं.

आजोबा खोडाला बोट बांधून, गुडघे जवळ घेऊन बसले होते. “काय रे, केवढ्या चकरा मारल्यास!” ते बाबांना म्हणाले. “मी म्हटलं, हा मला शोधतोय की शर्यत लावतोय? आणि तू भिजलास कसा?”

बाबांनी त्यांची बोट आमच्या बोटीला बांधली. परत येताना ते पूर्ण वेळ खाली बसून होते आणि आकडा त्यांच्या कडीत होता.

धक्क्यावर आई उभी होती, मिस्तरीही आले होते. आईने बाबांना आधी रागावून घेतलं, मग त्यांच्या छातीवरचा आकडा पाहून तोंडावर हात ठेवला. मग ती माझं जॅकेट काढायला वळली आणि थांबली.

“हे काय? तू कशाला दोरी लावलीस?”

माझ्या कडीत एक आकडा होता. त्याला लाल दोरी होती, उन्हाने विटून गुलाबी झालेली, शेवाळ लागलेली. ती माझ्या जॅकेटच्या बाजूने पाठीमागे लोंबत होती. बाबांची दोरी बाबांच्या कडीत होती.

मिस्तरींनी ती हातात घेतली. टोपीजवळ काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

“ही पट्टी मी लावलेली आहे,” ते म्हणाले. “तुझ्या काकाने टोपी तोडली होती तेव्हा.” मग त्यांनी टोपीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “अरे... ही गरम आहे.”

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम बदलला. आकडा स्वतःच्या कडीत लावल्याशिवाय बाबा कोणालाच बोट देत नाहीत. जुने मासेमार कुरकुरतात. “मग पोहत जा,” बाबा म्हणतात. काकाची दोरी त्यांनी दुकानात खिळ्याला टांगली आहे. आई म्हणाली, तलावात टाकून द्या. बाबा तलावाकडे बघून नाही म्हणाले. त्यांनी कारण सांगितलं नाही. मला ते माहीत आहे.

धुकं असलं की झाडांकडून ती घुरघुर आता येत नाही. दुसरा आवाज येतो. खर्रर्र... खर्रर्र... कोणीतरी स्टार्टर ओढतंय. इंजिन लागत नाही. लागणार कसं? टोपी आमच्याकडे आहे. थोडा वेळ शांत, मग परत खर्रर्र. सुरुवातीला तो आवाज झाडांमध्ये होता. मग मधल्या पाण्यावर आला. काल सकाळी आमच्या सगळ्या बोटी रंगवायला काठावर ओढून ठेवल्या होत्या, धक्का रिकामा होता, आणि तरी धक्क्याला बांधलेल्या टायरवर बोटीचं लाकूड टेकल्याचा आवाज आला. ठप्प. मग अगदी खिडकीखाली, खर्रर्र.

काका जिवंत असताना रोज सकाळी असंच व्हायचं. लाल दोरी तो नेहमी दुकानात विसरायचा. दोनदा स्टार्टर ओढायचा, इंजिन लागायचं नाही, मग त्याच्या लक्षात यायचं. तो थांबायचा, हसायचा आणि खिडकीकडे बघून मला हाक मारायचा, “मुके, दोरी दे गं.” मी धावत नेऊन द्यायचे.

म्हणून आता स्टार्टरनंतर शांतता झाली की मी श्वास रोखून बसते.

अजून तरी त्याने हाक मारलेली नाही.