दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. रविता कुणाला पटवत बसणाऱ्यातली नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. आमगावहून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक खेडं. मंगळवार.

आणि रात्र नव्हती बरं का. दुपारचे साडेबारा वाजले होते.

रविताचा बाप मुन्नालाल. शेतकरी माणूस, पण अंबाडीचा दोर वळावा तर त्यानंच, असं सगळा परिसर म्हणायचा. त्या मे महिन्याच्या नऊ वर्षं आधी गावच्या विहिरीतला गाळ काढायला श्यामलाल खाली उतरला. कमरेला मुन्नालालचा दोर. वर तो दोर धरून चार माणसं.

श्यामलालला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

"दोर तुटला," चौघे म्हणाले.

तुटलेलं टोक कुणी पाहायला मागितलं नाही. दोर श्यामलालसोबत चितेत गेला.

त्यानंतर मुन्नालालनं दोर वळणं सोडलं. लाजेनं सोडलं, असं गावानं ठरवून टाकलं. रविता बाजारात दिसली की मागून कुजबूज व्हायची, "तुटक्या दोरवाल्याची पोरगी."

नऊ वर्षं तिनं ऐकून घेतलं. मग तिचं डोकं फिरलं.

एक दोर वळायचा. आपल्या हातानं. त्याच विहिरीवर टांगायचा आणि गावाला सांगायचं, या, लोंबकळा आणि पाहा तुटतो का!

बाप शिकवायला तयार होईना.

"नोको व पोरी. या अंगनात दोर नोको."

"काऊन?"

तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मग रविता आपली आपणच शिकली. अंबाडीच्या काड्या नाल्यात कुजवल्या. त्या वासानं शेजारपाजार शिव्या देत होता. साल सोलली, धुतली, वाळवून वाख, म्हणजे दोराचे तंतू, काढले. पीळ कसा भरायचा ते मात्र कळेना. तेव्हा गोठ्यातलं बापाच्या हातचं जुनं दावं घेतलं आणि एकेक पदर उकलत गेली. उलटं उकलून सुलटं शिकली. तीन दोर वाया गेले, चौथा कुठं दोरासारखा दिसायला लागला.

पण दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं काडी फिरवून पीळ भरायचा, दुसऱ्यानं दुसरं टोक ताणून धरायचं. टोक सुटलं की सगळा पीळ निघून जातो.

तिचं दुसरं टोक धरायला गावातलं कुणी येईना. म्हणून तिनं ते अंगणापलीकडच्या गुरांच्या खुंट्याला बांधलं. जमिनीपासून वीतभर उंचीचा खुंटा.

त्या दुपारी बाप ओसरीत झोपला होता. रविता मान खाली घालून काडी फिरवत होती.

शेजारचा कूलर घरघरत होता... बंद पडला.

कावळा ओरडत होता... गप्प झाला.

मग आवाज आला.

टप्... टप्...

त्या कोरड्या ठणठणीत अंगणात पाणी ठिबकत होतं.

रवितानं मान वर केली.

दोर खुंट्याला नव्हता.

तो माणसाच्या कमरेइतका वर होता. आडवा. ताठ.

पलीकडे कुणीच नव्हतं. फक्त खालच्या मातीत काळी ओल पसरत होती.

आणि तेवढ्यात...

दोराला हिसका बसला.

ती दोन पावलं पुढे फरफटत गेली. तिनं टाचा मातीत रोवल्या. बाप दचकून उठला, ओसरीच्या खांबाला धरून ओरडला, "सोड! सोड व पोरी! मीपन सोडलो होतो!"

तेव्हा तिला कळलं. बाप दोर वळायचा थांबला तो लाजेनं नव्हे. श्यामलाल गेल्यावर त्याचंही टोक असंच कुणीतरी धरलं होतं, आणि तो घाबरला होता.

भीती तिलाही वाटत होती. पण नऊ वर्षांचा राग त्याहून मोठा होता.

"तुलेपन वाटते का दोर कच्चा होता?" ती त्या रिकाम्या जागेकडे पाहून ओरडली. "ओढ मंग! पूरा जोर लाव! पाहू दे तुटते का!"

दोर करकरला. तळहाताची सालटी निघाली. तिनं काडी फिरवणं थांबवलं नाही. उलट त्या ताणावर पीळ असा भरत गेला, जसा खुंट्यावर कधीच भरला नसता.

किती वेळ गेला, ठाऊक नाही.

मग एकदम दोर सैल पडला.

तुटला नव्हता.

दुसऱ्या टोकाला फास होता. माणसाच्या कमरेएवढा. ओला, गाळानं माखलेला.

रवितानं त्या फासाची गाठ सोडली नाही. तश्शीच विहिरीवर गेली आणि दोर चाकावर टांगला.

संध्याकाळी लीलाधर आला. चौघांतला एक. "काढ तो दोर," म्हणत त्यानं दोर वर ओढून फास हातात घेतला. आणि गाठ उलटसुलट करून पाहू लागला.

गाठ डावखुऱ्याची होती. गावात डावखुरा लीलाधर एकटाच.

"हे गाठ... मीच मारलो होतो. श्यामलालच्या कमरेले."

तो मटकन खाली बसला.

"तुटला नव्हता व पोरी. आमच्या हातून सुटला. आमी भ्यालो... तुटला म्हनलं."

"हे मले नोका सांगू काका," रविता म्हणाली. "चला."

तिनं त्याला दंडाला धरून घरी आणलं आणि बापासमोर तेच पुन्हा बोलायला लावलं. मुन्नालालनं ऐकलं. वाखाची जुडी छातीशी धरली आणि लहान मुलासारखा रडला.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण दोर अजून विहिरीवर आहे. आणि मंगळवारी भर दुपारी चाक करकरतं. दोर ताठ होतो... खाली कुणीतरी लोंबकळत असल्यासारखा.

त्या दोरावर गाळाचा एक ओला डाग आहे. दोन बोटं, तीन बोटं, हातभर... तो वर सरकतो. मागच्या वर्षी पाण्यालगत होता. आता काठापासून दोन हातांवर आलाय.

चौघांपैकी कुणी तिकडे फिरकत नाही. लीलाधर मंगळवारी दार लावून बसतो. दोर कापून टाक, असं बापही म्हणतो.

वर आल्यावर श्यामलाल काय करेल, रविताला माहीत नाही. त्या विचारानं तिला झोप लागत नाही.

तरी ती दर मंगळवारी जाते. वरचं टोक दोन्ही हातांनी धरते, पाय रोवते आणि खाली न पाहता सांगते,

"मी नाही सोडत. ये वर."