मैनाबाईच्या दाराकडे सरकणारा पाट

“बोटं नुसती टेकवा, जोर लावू नका!” गावचे भगत सोमाजीबुवा म्हणाले. “पाहुण्या पोरीचा हात असला का पाट खोटं बोलत नाई.”

ती पाहुणी पोरगी म्हणजे संघप्रिया. दिवाळीच्या सुट्टीत भद्रावतीहून मैत्रिणीकडे, दिव्यानीकडे आलेली. ती आली आणि दुसऱ्याच दिवशी तलावातले मासे पोट वर करून तरंगू लागले. गावाचं पोट त्या माशांवर! करणी कोणी केली, हे आता बसायचा लाकडी पाट सांगणार होता; तो ज्याच्या दारी थांबेल, तो दोषी.

सूर्य पळसांमागे बुडाला. तलावाकडून कुजका वास आला. पाटाभोवती सोमाजीबुवा, शेतकरी बाबुलाल, दिव्यानीचे बाबा हरिदास आणि संघप्रिया उकिडवे बसले.

सर्रर्र... पाट हलला!

संघप्रियाच्या अंगावर सरसरून काटा आला. ती ढकलत नव्हती. तरी खालून कोणीतरी ओढतंय, असं बोटांना स्पष्ट जाणवत होतं! धुळीत रेघ ओढत, चौघांना सोबत घेत पाट निघाला आणि थेट मैनाबाईच्या दारात थांबला. एकटी राहते म्हणून गाव आधीपासूनच जिच्याकडे संशयाने पाही, ती मैनाबाई दिव्यानीची आत्या.

“उद्या सांजेपर्यंत गाव सोड!” बाबुलाल ओरडला.

मैनाबाईने आतून कडी लावली.

सकाळी दिव्यानीचा भाऊ पिंटू कुजबुजला, “खरंच भूत असन तं?”

“मलेबी तसंच वाटलं,” संघप्रिया म्हणाली. “पण बाईंनी वर्गात सांगतलं होतं. पूर्वी इंग्लंडात लोक असेच टेबल सरकवत. फॅरेडे नावाच्या शास्त्रज्ञानं लोकांच्या बोटांखाली पुठ्ठे ठेवले, एकावर एक, मधात चिकट लेप. टेबल हाताले ओढत असन, तं खालचा पुठ्ठा आधी सरकते. हातच ढकलत असन, तं वरचा!”

“पुठ्ठे? लग्नपत्रिका आहेत ना घरी!” दिव्यानी उठलीच. “अन् लेपाले मध!”

“मी तलावावर जाऊन येतो,” पिंटू म्हणाला. “मासे उगाच नाई मरत!”

सांजेला गाव पुन्हा जमलं. संघप्रियाने चौघांच्या बोटांखाली मधात मध लावलेले दोन-दोन पुठ्ठे ठेवले आणि दोन्ही पुठ्ठ्यांच्या कडांवरून कोळशाची सरळ रेघ ओढली.

सर्रर्र... पाट निघाला. पुन्हा मैनाबाईच्या दाराकडेच!

“थांबा!” संघप्रियाने वाकून पाहिलं. चारही ठिकाणी रेघ मोडली होती. वरचा पुठ्ठा दाराच्या दिशेने पुढे, खालचा मागे. तिचा स्वतःचासुद्धा!

“मी नाई ढकललं!” बाबुलाल उसळला.

“मीबी नाई, काका. पण मनात हेच दार होतं. बोटांनी मनाचं ऐकलं, अन् आपल्याले कळलंबी नाई!”

तेवढ्यात पिंटूने एक रिकामी बाटली पुढे केली. “धानावर फवारायचं औषध! तलावाच्या पायरीवर सापडली.”

हरिदास वळले. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी फक्त बाबुलालच्याच शेतात फवारणी झाली होती. “बाबू, पंप कुठी धुतला?”

बाबुलालची मान खाली गेली. “तलावातच... मले वाटलं, एवढ्यानं काय होते!”

सोमाजीबुवा पाटावरून हात काढून उठले. “आजवर समजत होतो, पाट बोलते. बोलत होतो मीच! पोरी, तू आमाले पापातून वाचवलं.” ते मैनाबाईच्या दाराशी गेले, हात जोडून.

कडी निघाली. मैनाबाई काठी घेऊनच बाहेर आली.

“हात मंग जोडा! ढोरं त्या जहरी पाण्यावर चालली, आधी त्याईले हटवा!”

ती तलावाकडे धावत सुटली आणि तिच्यामागे सारं गाव!