भोईरांचा स्पंज

नळीतले पाणी पिवळे दिसायला हवे होते. ते हिरवे होते, कालच्यापेक्षा गडद. म्हणजे पाण्यातला अमोनिया वाढतच होता.

शर्वरी केळुसकरने नळी दिव्यासमोर धरली, पुन्हा एकदा हलवली आणि स्टँडवर ठेवून दिली. चंद्राच्या पृष्ठभागाखाली साठ मीटरवर, एका थंडावलेल्या लाव्हानळीत तो तळ वसवलेला होता. तिथे आठ माणसे राहत. त्यांनी वापरलेला प्रत्येक थेंब पुन्हा पिण्याजोगा करून देणे हे जलअभियंता म्हणून तिचे काम. तीन वर्षे ते बिनबोभाट चालले होते.

"दुसरं पाकीटही मेलं," ती म्हणाली.

दारात तळाची डॉक्टर रेहाना मुजावर उभी होती. "म्हणजे आता राखीव काहीच नाही?"

"काहीच नाही."

खोलीच्या मधोमध जीवगाळणी उभी होती. माणसाच्या उंचीचा काचेचा स्तंभ, त्यात प्लॅस्टिकच्या हजारो खरबरीत कड्या आणि त्यांच्यामधून खळखळत वर जाणारे हवेचे बुडबुडे. एरवी त्या कड्यांवर तपकिरी बुळबुळीत थर असे. तो थर म्हणजेच खरे यंत्र. त्यातले काही जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्राइट करत, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट भाजीच्या वाफ्यांना जाई, आणि उरलेले पाणी बारीक पडद्यांतून गाळून पिण्याच्या टाकीत. पण अमोनिया तसाच राहिला तर तो पडद्यांतूनही आरपार जाई. गेल्या आठवड्यात थर अचानक पांढरा पडून सुटू लागला. शर्वरीने सुकवलेल्या जिवाणूंचे राखीव पाकीट सोडले. ते तीन दिवसांत मेले. मग दुसरे.

"टाकीत किती दिवसांचं पाणी आहे?" रेहानाने विचारले.

"काटकसर केली तर बारा. पृथ्वीवरून यान यायला कमीत कमी महिना. ऊर्ध्वपातनाचं छोटं यंत्र आहे, पण ते तिघांचीच तहान भागवेल."

रेहानाने बोटांवर दिवस मोजले. मग तिने विचारले, "पहिला थर कधी सुटायला लागला?"

"मंगळवारी."

"मी शनिवारी हर्षलचं औषध सुरू केलं."

हर्षल मेश्राम हा तळावरचा भूवैज्ञानिक. त्याच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता आणि तापात तो चंद्रपूरच्या घरी असल्यासारखा आईशी बोलत होता. रेहानाने प्रतिजैविक सुरू केले आणि दोन दिवसांत तो शुद्धीवर आला.

"ते औषध शरीरात फारसं मोडत नाही," रेहाना सावकाश म्हणाली. "बरंचसं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणजे ते इथे आलं, शर्वरी. आणि त्याचं काम एकच, जिवाणू मारणं. हर्षलच्या अंगातले आणि तुझ्या कड्यांवरचे, त्याला सगळे सारखेच."

"त्याची लघवी आजपासून वेगळ्या पिशवीत घेऊ. पण आधी आलेलं औषध कड्यांना चिकटून बसलं असणार. धुऊन काढायचं तर टाकीतलं निम्मं पाणी लागेल."

"आणि औषध थांबवता येणार नाही. अजून आठ दिवस द्यायचंय. मध्येच सोडलं तर या वेळी संसर्ग रक्तात उतरेल." रेहाना तिथल्याच स्टुलावर बसली. "मीच मारलं गं तुझं यंत्र."

"तू माणूस वाचवलास," शर्वरी म्हणाली. "आता सगळ्यांना कसं वाचवायचं ते बघू."

तळावर अशाच जिवाणूंचा आणखी एक साठा होता. तो जेवणघराच्या कोपऱ्यात, जनार्दन भोईर यांच्या मत्स्यपेटीत होता. भोईर उरणचे. वय छपन्न, हुद्दा यंत्रदुरुस्ती तंत्रज्ञ. एवढ्या एकांतात माणसांना काहीतरी जिवंत बघायला मिळावे म्हणून चाळीस लिटरच्या त्या पेटीला परवानगी मिळाली होती. तिच्यात एकतीस गप्पी मासे होते. सहावा हिस्सा गुरुत्वाकर्षणात ते थोडे तिरके पोहत, पण सुखाने पोहत. पेटीच्या मागच्या बाजूला विटेएवढा काळपट स्पंज होता आणि एक छोटा पंप पाणी त्यातून सतत ओढत असे. तो स्पंज हीच माशांची जीवगाळणी.

शर्वरीने काही न लपवता सगळे सांगितले. "कड्यांवर औषध आहे, त्यामुळे हेही मरतील असंच वाटतं. पण दुसरं काही सुचत नाही. निम्मा स्पंज द्याल का, काका? निम्मा माशांना राहू दे."

भोईरांनी विचारले, "आठ माणसांची घाण माझ्या माशांच्या किती पट?"

"साधारण हजार पट."

"आणि हे जिवाणू दुप्पट व्हायला एक दिवस घेतात. म्हणजे हजार पट व्हायला दहा दिवस." त्यांनी हात पुसले. "निम्मा दिला तर अकरा. पाणी बारा दिवसांचं. मध्ये काही बिघडलं तर? सगळाच घ्या."

"आणि मासे?"

"वाळूत थोडे जिवाणू उरतील. खायला घालणं बंद करतो. उपाशी मासा पाणी फारसं घाण करत नाही. आठवडाभर तग धरतात ते. फक्त रोज थोडं पाणी बदलावं लागेल, आणि ते मागायला मला तोंड नाही."

तळप्रमुखांनी त्या दुपारी सगळ्यांना बोलावून परिस्थिती सांगितली. पाण्याचा विषय निघाला तेव्हा सर्वांत आधी खाटेवरचा हर्षल बोलला. "माझ्या वाट्यातला एक पेला माशांना द्या." रेहानाने त्याला साफ नकार दिला, त्याला भरपूर पाणी पिणे भाग होते. त्याचा पेला तिने स्वतःच्या वाट्यातून दिला. उरलेल्या प्रत्येकाने आपापला दिला. रोज सकाळी जेवणघरात आठ पेले मांडले जात, आणि भोईर ते एकेक करून, काचेला धक्का न लावता, पेटीत ओतत. दर वेळी ते पेला देणाऱ्याकडे बघून मान लववत.

स्पंजाचे बारीक तुकडे करून जीवगाळणीत सोडले गेले. भोईर तिथेच मुक्कामाला आल्यासारखे राहिले. पाणी अठ्ठावीस अंशांवर ठेवायला त्यांनी सांगितले. अमोनिया रोज मोजून, जरासाच वाढवत द्यायचा. एकदम दिला तर त्यानेच जिवाणू मरतात. तिसऱ्या दिवशी पाणी आंबट होऊ लागले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून खायचा सोडा मागवला. "हे काम करताना आम्ल सोडतात," ते शर्वरीला म्हणाले. "आपल्याच आम्लात अडकून बसतात मग."

चौथ्या दिवशी, राखीव पाकिटे ज्या मुदतीत मेली होती ती उलटून गेल्यावर, शर्वरीने नळी भरली. पाणी पोपटी झाले होते.

"अमोनिया उतरतोय," ती पुटपुटली. तिने आणखी दोनदा तपासले आणि रेहानाला बोलावले. "हे मरायला हवे होते ना? त्याच कड्या आहेत, तेच औषध आहे."

रेहानाने कडीचा नमुना तपासला. औषध होतेच, पाकिटे मारायला पुरेसे. आणि त्याच कडीवर तपकिरी ठिपके धरू लागले होते. "हवे होते," ती म्हणाली. "का नाही मेले, ते मला कळत नाही."

सहाव्या दिवशी अमोनिया जवळजवळ संपला, पण नायट्राइट भडकले. शर्वरी हवालदिल झाली. भोईर मात्र शांत होते. "दुसऱ्या जातीचे जिवाणू नेहमी मागून येतात. थांबा दोन दिवस." त्याच दिवशी पेटीत दोन मासे मेले, दुसऱ्या दिवशी आणखी तीन. ते त्यांनी स्वतःच काढले आणि भाजीच्या वाफ्यात पुरले. नायट्राइट आठव्या दिवसापासून उतरू लागले.

दहाव्या दिवशी जीवगाळणीने आठही जणांचे सांडपाणी पेलले. नळीतले पाणी लख्ख पिवळे होते. पडद्यांमधून आलेले पहिले पाणी शर्वरीने काचेच्या सुरईत भरून जेवणघरात आणले. हर्षलही भिंतीला धरत चालत आला. आदल्याच दिवशी त्याचे औषध पूर्ण झाले होते. तळप्रमुखांनी पहिला पेला भोईरांपुढे धरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

भोईरांनी पेला घेतला नाही.

"टाळ्या नका वाजवू," ते म्हणाले. "डॉक्टर, गेल्या वर्षी तुमच्या कपाटातल्या याच औषधाच्या काही पट्ट्या कमी भरल्या होत्या. आठवतं?"

"आठवतं. मला वाटलं, माझीच नोंद चुकली."

"मी घेतल्या. तुमच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला आलो होतो तेव्हा. माशांच्या शेपट्या झडत होत्या. तुम्ही माणसांचं औषध माशांना देणार नाही, हे माहीत होतं. म्हणून विचारलंच नाही."

हर्षलला दिलेले औषध तेच होते, हे बहुतेकांच्या लक्षात आले.

रेहाना पुढे झाली. रागावण्याऐवजी ती एखाद्या रोग्याला विचारावे तसे विचारू लागली. "औषध थेट पाण्यात घातलंत?"

"हो. शेपट्या सुधारल्या, पण स्पंज मेला. पाणी हिरवं झालं. दीड महिना मी माझ्या आंघोळीच्या वाट्याचं पाणी पेटीला घातलं, तेव्हा कुठे तो परत धरला. तीन महिन्यांनी रोग पुन्हा आला. पुन्हा औषध घातलं. त्या वेळी पाणी आठवडाभरच बिघडलं. तिसऱ्या वेळी दोन दिवस. चौथ्या वेळी..." ते थांबले. "चौथ्या वेळी काहीच झालं नाही. मला वाटलं, औषध जुनं झालं."

"औषध जुनं झालं नव्हतं," रेहाना म्हणाली. "पहिल्या वेळी जवळजवळ सगळे जिवाणू मेले, पण अगदी थोडे उरले. त्यांच्यावर औषध चालत नव्हतं. नवा स्पंज धरला तो त्यांच्या वंशाचा. दुसऱ्या वेळी त्यांच्यातलेही कच्चे गेले. चार वेळा तुम्ही निवड केलीत, भोईरकाका. शर्वरीची पाकिटं पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत वाढलेली. त्यांनी हे औषध कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या स्पंजाने चार वेळा पाहिलं होतं."

"म्हणजे ती चोरी झाली नसती तर..." शर्वरीने वाक्य अर्धेच सोडले.

"तर आज या सुरईत काही नसतं." रेहाना भोईरांकडे वळली. "हे फार धोक्याचं आहे, हेही ऐका. हाच गुण उद्या एखाद्या रोगजंतूने उचलला तर माझ्या हातातलं औषध गेलं. जीवगाळणी आणि पेटी, दोन्हीवर मला आता कायम लक्ष ठेवावं लागेल. पुन्हा असं करू नका. काही हवं असेल तर मागा; मी नाही म्हणाले तर भांडा माझ्याशी." तिने तळप्रमुखांच्या हातातला पेला घेतला आणि स्वतः भोईरांच्या हातात दिला. "दहा दिवस मी एकच गोष्ट मनात घेऊन झोपतेय, की एकाला वाचवताना मी सात जणांना मारलं. ते ओझं तुम्ही उतरवलंत. मी तुमची फार आभारी आहे. आता प्या."

भोईर प्यायले. पेला खाली ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. हर्षल त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि बराच वेळ त्यांचा हात हातात धरून राहिला.

भोईरांच्या आग्रहावरून अहवालात चोरीचा उल्लेख आला. त्याखाली रेहानाने आपल्या नावाने एक ओळ लिहिली: 'आमचे आठ जीव या माणसामुळे शाबूत आहेत.'

पृथ्वीवरून उत्तर यायला नऊ दिवस लागले. तळप्रमुखांनी ते सगळ्यांसमोर वाचले. पहिल्या परिच्छेदात जनार्दन भोईर यांना लेखी ठपका देण्यात आला होता. औषध चोरणे, ते परवानगीविना वापरणे आणि तळाचे आरोग्य धोक्यात घालणे, अशी तिन्ही कारणे स्पष्ट नोंदवली होती. दुसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की आणखी चार तळांवर हेच औषध आणि अशाच जीवगाळण्या आहेत. तेव्हा त्या स्पंजापासून वाढवलेल्या थराचे चार नमुने येत्या यानाने बंदिस्त डब्यांतून पाठवावेत, आणि ते भोईर यांनी स्वतः तयार करावेत, कारण प्रवासात ते जिवंत कसे ठेवायचे हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

भोईरांनी कागद मागून घेतला. पहिला परिच्छेद त्यांनी उभ्यानेच वाचला आणि मान हलवली. दुसरा त्यांनी बसून, दोनदा वाचला. मग चष्मा काढत ते शर्वरीला म्हणाले, "चार डबे, हवेची सोय असलेले. आणि त्यांना रोज किती अमोनिया द्यायचा, सोडा कधी घालायचा, ते मी सांगतो. तुम्ही नीट अक्षरात लिहून घ्या. पोचेपर्यंत उपाशी राहायला नकोत ते."