रुमालाखालचे टक्के

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सभागृहात दुपारी सव्वातीनच्या सुमाराला पद्मजा आरवाडे मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या. भारत सरकारच्या व्यापार खात्यातल्या सहसचिव दर्जाच्या बाईंनी भर वाटाघाटीत पाढे म्हणावेत हे ऐकायला विचित्र वाटेल, पण अलीकडे जगभरातले वाटाघाटी करणारे लोक असंच काहीबाही करत. कुणी पाढे म्हणे, कुणी सासुरवाडीतल्या माणसांची नावं उलट्या क्रमानं आठवे. समोर बसलेले ब्राझीलचे प्रतिनिधी एदिल्सन पेशोतो दर दोन मिनिटांनी गार पाण्याचा ग्लास कपाळाला लावत होते. दोघांच्या मधे टेबलावर खाकऱ्याएवढी एक काळी चकती ठेवलेली होती आणि हा सगळा आटापिटा तिच्यामुळे चालला होता.

चकतीचं नाव तळदर्शक. सौदा करताना माणूस तोंडानं काहीही म्हणो, त्याच्या मनात एक शेवटचा आकडा असतो, त्यापलीकडे तो जात नाही. त्या आकड्याला शास्त्रज्ञ ‘तळ’ म्हणत. समोरच्यानं एखादा आकडा उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली केसभर रुंदावते, मानेतली शीर किंचित उडते. कोणत्या आकड्याला काय झालं हे चकती टिपून घेई आणि आठ-दहा आकड्यांत त्या माणसाचा तळ काढून भिंतीवरच्या पडद्यावर टाकी. दोन्हीकडचे तळ दिसले की मधला आकडा धरायचा, सह्या करायच्या आणि जेवायला जायचं.

पहिल्या वर्षी भारत आणि ब्राझीलनं एका आठवड्यात तीनशे वस्तूंचे करार उरकले. पण पारदर्शकतेच्या कलमानुसार तो पडदा जनतेलाही दिसे, आणि तिथंच घोडं अडलं. “आमचा माणूस एवढा खाली यायला तयार होता?” असं तिकडचे सोयाबीनवाले विचारू लागले आणि इकडचे तेलगिरणीवाले. करार चांगला झाला की वाईट हे कुणी बघेना, सगळे फक्त तळ बघू लागले. दोन्हीकडच्या चार-चार चांगल्या अधिकाऱ्यांची घरी रवानगी झाली.

मग दोन्ही सरकारं शहाणी झाली. ज्याला काही माहीतच नाही त्याचा तळ चकतीला सापडणार कसा, असा विचार करून त्यांनी निवडून निवडून अज्ञानी माणसं पाठवायला सुरुवात केली. या वेळी विषय होता हळद, म्हणून दिल्लीनं मत्स्यव्यवसाय खात्यातले एक गृहस्थ पाठवले होते. ब्राझीलनं एक दंतवैद्य आणला होता. पण सांगलीत राहून हळदीबद्दल अज्ञानी राहणं सोपं नाही. रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत जो तो त्यांना राजापुरी आणि सेलम यांतला फरक समजावून सांगे. तीन दिवसांत दोघंही इतके जाणकार झाले की अपात्र ठरले. शेवटच्या दिवशी नाइलाजानं दोन्ही पथकांच्या प्रमुखांनाच चकतीसमोर बसावं लागलं, आणि नेमकं त्या दोघांना सगळं माहीत होतं.

प्रश्न एका आकड्याचा होता. भारताच्या हळदीवर ब्राझीलनं किती टक्के कर घ्यायचा? भारत म्हणत होता चार, ब्राझील म्हणत होता चौदा. जुना करार आज पाच वाजता संपत होता. तोवर नवा झाला नाही तर तीस टक्के कर आपोआप लागू होणार होता, आणि त्या भावात आम्ही पोतंही उचलणार नाही असं तिकडच्या खरेदीदारांनी आधीच कळवलं होतं. ब्राझीलच्या सांतोस बंदराबाहेर चाळीस कंटेनर हळद घेऊन एक जहाज उभं होतं. ती हळद सांगलीची होती. पद्मजाबाईंनीच जानेवारीत या सभागृहात उभं राहून, “पहिलं जहाज आपल्या गावचं जाऊ दे, मी आहे ना,” असं छाती ठोकून सांगितलं होतं. जहाज परत फिरलं तर सरकार त्यांची फार तर बदली करील, पण माहेर इथून तीन गल्ल्यांवर होतं आणि तिथं जन्मभर यायचं होतं.

“भारत, कृपया आकडा उच्चारावा,” चकती गोड आवाजात म्हणाली.

पद्मजाबाई बोलेनात. आपण बोललो की पेशोतो ‘बारा’ म्हणणार आणि आपली बाहुली रुंदावली की सगळा देश बघणार, ही त्यांची भीती. समोर पेशोतोही तोंड उघडेनात, कारण त्यांची भीती तीच. पडद्यावर तासाभरापासून दोनच ओळी होत्या. भारत: तळ सापडत नाही. ब्राझील: तळ सापडत नाही.

अशा वेळी सभागृहाचं दार ढकलून काठी टेकत एक म्हातारा आत आला. धोतर, काळी टोपी, खांद्यावर टॉवेल. पहारेकऱ्यांनी अडवलं नाही, कारण त्यांतले दोघे त्याच्याच गल्लीतले होते. पद्मजाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. हे त्यांचे वडील, बाहुबली आरवाडे. पन्नास वर्षं याच यार्डात हळदीची अडत केलेला माणूस.

“अण्णा, इथं यायचं नसतं,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

“मला कोण न्हाई म्हणणार? ह्या हॉलला पयली वर्गणी माझी हाय,” म्हणत अण्णांनी खुर्ची ओढली. “सकाळधरनं बाहेर ऐकतोय, सौदा अडलाय म्हणं. कशानं अडलाय?”

पद्मजाबाईंनी थोडक्यात सांगितलं. अण्णांनी चकती उचलून कानाला लावली, हलवली आणि परत ठेवली.

“म्हंजे हे आकडा ऐकतंय आन् तोंड बघतंय. बरोबर?”

“हो.”

“मग आकडा बोलताय कशाला?”

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला. हळदीची पिवळी धूळ उन्हात उडाली.

“तुला शिकवलंय न्हवं? काढ हात.”

पद्मजाबाईंना लाजल्यासारखं झालं. या यार्डात पूर्वी हळदीचा भाव तोंडानं ठरतच नसे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि बोटं दाबून आकडे सांगत. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शंभर माणसं भोवती उभी असत, पण कुणी किती मागितलं आणि कुणी किती सोडलं हे त्या दोघांखेरीज कुणालाही कळत नसे. बाजारात बाई नव्हतीच, तरी अण्णांनी मुलीला हे सगळं घरी शिकवलं होतं. सुट्टीत किती तास खेळायचं आणि किती तास अभ्यास करायचा, याचा सौदा ती बापाशी टॉवेलखाली करत असे आणि बहुधा हरत असे.

दिल्लीहून आलेले शिष्टाचार अधिकारी माथुर पुढे झाले. “मॅडम, परदेशी प्रतिनिधीचा हात असा धरून बसणं नियमावलीत बसत नाही.”

“नियमावलीत हस्तांदोलनास मुभा आहे,” चकती म्हणाली. “त्याची कालमर्यादा दिलेली नाही.”

माथुरांनी हात टेकले.

“पाव्हणं, हात द्या,” अण्णा पेशोतोंना म्हणाले. कानातल्या दुभाषी यंत्रानं ते पोर्तुगीजमधे सांगितलं. अण्णांनी पेशोतोंची बोटं एकेक करून दाबली आणि आकडे समजावले. पेशोतोंचा बाप ब्राझीलमधल्या माटो ग्रोसोत गुरांचे बाजार करायचा. त्यांना हे समजायला दीड मिनिट लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

टॉवेल पडला. त्याखाली भारत आणि ब्राझील यांचे हात भेटले.

पद्मजाबाईंनी पंजा दाबला: पाच. पेशोतोंनी पंजा दोनदा आणि तीन बोटं दाबली: तेरा. पद्मजाबाईंनी नाक मुरडून हात झटकल्यासारखं केलं, हाही रिवाजच.

“भारत: बाहुली रुंदावली,” चकती म्हणाली. “कारण उपलब्ध नाही.”

सहा. बारा.

“ब्राझील: ठोका चुकला. कारण उपलब्ध नाही. कृपया हात टेबलावर ठेवावेत.”

“टेबलावरच हायत की,” अण्णा म्हणाले.

मग पडद्यावर आकड्यांऐवजी ओळी येऊ लागल्या. उत्कंठा: भरपूर. राग: थोडा, बहुधा खोटा. विषय: अज्ञात. प्रेक्षकांत बसलेले दोन्हीकडचे लोक मान लांब करून टॉवेलकडे बघत होते, जणू कापडातून काही दिसणार होतं.

पद्मजाबाई सातवर आल्या. सात दाबलं मात्र, आणि त्यांना हातातला हात बदललेला जाणवला. अण्णांनी शिकवलेलं होतं की आकडा बोटांत असतो, पण माणूस कसा आहे ते तळव्यावर कळतं. तळवा ओला झाला होता, गार पडला होता आणि बारीक थरथरत होता. त्यांना एकदम उमगलं, हा गृहस्थ घाबरला आहे. याला परत जाऊन कुणाला तरी तोंड द्यायचं आहे. आता आपण सातवर अडून बसलो तर हा सातवर येईल, आणि तिकडे याची धडगत नाही. ज्या माणसाला चार दिवस शत्रू समजून त्यांनी टक लावून पाहिलं होतं, त्याची त्यांना दया आली.

पेशोतोंनी बाराचा अकरा केला नाही, दहा केला नाही. बोटं जरा घुटमळली आणि एकदम नऊ दाबले गेले.

आणखी एक झटका दिला असता तर आठ झाले असते, कदाचित सातही. पडद्यावर आपला तळ दिसत असता तर पद्मजाबाईंनी तो झटका दिलाच असता, कारण देश बघत असता. पण कुणी बघत नव्हतं. त्यांनी पेशोतोंचा हात घट्ट धरून सोडला. सौदा ठरला, नऊ टक्के.

“चार वाजून दहा मिनिटं,” चकतीनं नोंद केली. “करार संपन्न. भारताचा तळ: अज्ञात. ब्राझीलचा तळ: अज्ञात. समाधान: दोन्हीकडे. हे पूर्वी नोंदलेलं नाही.”

सभागृहात टाळ्या झाल्या. अर्ध्या तासात दिल्लीत बातमी झळकली की बाईंनी ब्राझीलला चौदावरून नवावर आणलं, आणि तिकडे राजधानी ब्राझिलियात झळकली की पेशोतोंनी भारताला चारवरून नवावर नेलं. दोन्ही मंत्री खूश झाले. जहाज बंदरात शिरल्याचा निरोप आला तेव्हा बाहेर हमालांनी आरोळी ठोकली. माथुर मात्र कोपऱ्यात बसून नियमावलीत टॉवेलचं कलम कुठं घालायचं याचा विचार करत होते.

निघताना पेशोतोंनी पद्मजाबाईंचा हात पुन्हा दोन्ही हातांत घेतला. “आता निवांत जेवून घ्या,” दुभाषी यंत्रातून त्यांचा आवाज आला. “पोचेल तुमची हळद. काळजी करू नका.” धाकट्या बहिणीला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ब्राझीलची माणसं मायाळूच, असं पद्मजाबाईंना वाटलं.

सगळे पांगल्यावर बापलेक यार्डातून चालत घराकडे निघाले. दोन्ही बाजूंना हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या.

“सातपातूर येत हुता की गं त्यो,” अण्णा म्हणाले. “नवावर का सोडलंस?”

पद्मजाबाई थबकल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“कोपरावरनं. टॉवेल मनगटापातूरच हुता.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी ऐकत नव्हतं. “भ्यालेला होता, अण्णा. तळवा पार भिजला होता, थरथरत होता. त्याला आणखी पिळवेना मला. चुकलं असेल तर चुकलं.”

“चुकलं आसं कुठं म्हणतोय मी?” अण्णांनी काठी टेकली आणि लेकीकडे वळून बघितलं. “बाराचा एका दमात नऊ केला त्यानं. मधी काय घासाघीस न्हाई. भ्यालेलं गिऱ्हाईक एकेक बोट सोडतंय. पन्नास वर्सात एकदम तीन सोडल्यालं भ्यालेलं गिऱ्हाईक मी बघितलं न्हाई.”

“म्हणजे?”

“तळवं भिजलं हुतं, ते खरं,” अण्णा म्हणाले. “पर पद्मा, घाम कुणाचा हुता?”