सोंड सरकत नव्हती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मध्ये बोलू नका.

सकाळी टाकलेलं जाळं उचलायला काका आणि मी दुपारी निघालो होतो. रोजचंच काम. रेडिओवर इशारा होता: समुद्रात जलस्तंभ उठतील, लहान बोटींनी जाऊ नये. काकानं रेडिओ बंद केला. "ह्यांनी पाणी फक्त बादलीत पाहिलंय." आमच्यातली मोठी माणसं अशीच. ऐकायचं नाही, आणि अंगाशी आलं की खापर समुद्रावर फोडायचं. तीन वर्षांपूर्वी बाबा ह्याच बोटीवरून गेले. लाटेनं नेलं, असं काका म्हणाला. मी कॉलेज सोडून बाबांच्या जागी उभा राहिलो.

अर्धं जाळं वर आलं असेल, तेवढ्यात ढगातून जलस्तंभाची सोंड उतरली. करडी, बारीक. खाली पाणी उकळल्यासारखं गरगरत होतं. बाबांनी शिकवलं होतं, कठड्याच्या एका खांबाआड सोंड येईल असं उभं राहून बघ. डावी-उजवीकडे सरकली तर ठीक. खांबाआडच राहिली तर ती तुझ्याकडे येतेय. बोट आडवी वळव आणि पळ.

ती राहिली. काकानं सुकाणू फिरवलं. जाळ्याच्या ओझ्यानं बोट रखडत वळली, पार आडवी झाली. सोंड त्याच खांबाआड. पुन्हा वळलो. त्याच खांबाआड.

वारा पडला. तळाच्या चिखलाचा वास आला. दूर कोणी पत्रे फरफटत नेतंय असा आवाज.

"काका, जाळं तोड. बुडू आपण."

"नाही."

"जीव मोठा की जाळं?"

"तुला कळत नाही रे..." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "त्या दिवशीही अशीच आली होती. तुझा बाप जाळ्यात गुरफटून पाण्यात गेला. मी ओढत होतो... बोट कलंडायला लागली. मी जाळं तोडलं."

"बाबा आत असताना?"

"हाका मारत होता..."

मी सुरी उचलली. खरं सांगतो, जाळ्यासाठी नाही.

त्याच क्षणी सोंड मधोमध तुटली. गोड्या पाण्याची एक सर अंगावर आली, मग लख्ख ऊन. समुद्र एकदम सपाट.

आम्ही उरलेलं जाळं ओढायला लागलो. मासा एकही नाही. आमचं जाळं संपलं, तिथे दुसरं जाळं जोडलेलं होतं. जुनं, शेवाळलेलं. गाठ मात्र नवी होती. आणि कोरडी.

काकानं जाळं ओळखलं. "येतोय..." म्हणाला, आणि वेड्यासारखा ओढत सुटला. खाली काहीतरी जड होतं. बोट मागून दबली, पाणी आत यायला लागलं.

"काका, सोड!"

"ह्या वेळी नाही."

तीन वर्षं मी एकच मागत होतो, बाबा परत यावेत. आणि सुरी माझ्याच हातात होती.

मी तोडलं.

खालचं जाळं सुळकन पाण्यात जायला हवं होतं. गेलं नाही. तुटलेलं टोक कठड्यावरच राहिलं, पलीकडून कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं.